फोनवरून कॉम्प्युटरवर येताय? विंडोज आणि एनव्हीडीए कुठल्या क्रमाने शिकायचं

फोन अगदी सफाईने वापरणारे आपले बरेच दृष्टिहीन मित्रमैत्रिणी कॉम्प्युटरवर आले की पहिल्याच आठवड्यात वैतागतात. पेमेंट, मेसेज, तिकीट सगळं टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हरवर (फोनमधले स्क्रीन रीडर) भराभर करणारी माणसं, आणि लॅपटॉपसमोर बसल्यावर साधी फाइल कुठे सेव्ह झाली ते सापडत नाही. मग "मला कॉम्प्युटर जमत नाही" असं ठरवून मोकळे होतात. बहुतेक वेळा चूक शिकण्याच्या क्रमात असते. कुठूनतरी शॉर्टकटची लांबलचक यादी मिळते, ती पाठ करायला घेतात, आणि सरावासाठी थेट ब्राउझर उघडतात, म्हणजे सगळ्यात अवघड जागेपासून सुरुवात.

हा लेख विंडोज आणि एनव्हीडीएसाठी आहे. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारा प्रोग्रॅम. तो फुकट आहे आणि बऱ्याच जणांचा कॉम्प्युटरवरचा पहिला स्क्रीन रीडर तोच असतो. जॉज किंवा नॅरेटर वापरणार असाल तर कीज बदलतील, क्रम मात्र हाच ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते: कॉम्प्युटरवर शिकायची मुख्य गोष्ट म्हणजे "मी आत्ता कुठे आहे" हे विचारणं. फोनवर हा प्रश्न फारसा पडत नाही, कारण स्क्रीन लहान असते, बोट ठेवलं की कळतं. कॉम्प्युटरवर एका वेळी पाच-सहा विंडो उघड्या असू शकतात आणि तुम्ही कुठल्या विंडोत, कुठल्या बटणावर आहात ते ठाऊक नसताना दाबलेली प्रत्येक की म्हणजे अंदाजपंचे कारभार.

## टप्पा ० : बसण्याआधीची तयारी

हा टप्पा सगळे गाळतात आणि निम्मे घोटाळे इथूनच सुरू होतात.

हेडफोन वायरचा घ्या, निदान शिकेपर्यंत. ब्लूटूथ हेडफोन थोडा वेळ शांत राहिला की झोपतो आणि पुढचं बोलणं सुरू झालं की पहिला तुकडा गिळतो. तुम्हाला "चेक्ड" ऐकू आलं की "नॉट चेक्ड", हाच तर फरक असतो, आणि तोच "नॉट" नेमका गायब होतो.

कीबोर्ड हाताने नीट ओळखून घ्या. एफ आणि जे वर बारीक उंचवटे असतात, दोन्ही हातांची पहिली बोटं तिथे. उजवीकडे नंबर पॅड आहे का ते बघा, असेल तर त्याच्या पाचवरही उंचवटा असतो. मग एस्केप, टॅब, कॅप्स लॉक, शिफ्ट, कंट्रोल, विंडोज की, आल्ट, ॲरो, होम, एंड, डिलीट, इन्सर्ट, एवढ्या कीज कुठे आहेत ते शोधा. लॅपटॉपवर होम-एंड-इन्सर्टची जागा प्रत्येक मॉडेलला वेगळी असते, कधीकधी एफएन दाबून धरूनच त्या मिळतात, त्यामुळे दुसऱ्याच्या लॅपटॉपवरची सवय इथे चालेल असं धरून चालू नका.

एफ१ ते एफ१२ तपासा. आजकालच्या बऱ्याच लॅपटॉपवर ही रांग आवाज आणि ब्राइटनेससाठी लावलेली असते. मग एनव्हीडीए + एफ७ (एनव्हीडीए की म्हणजे इन्सर्ट किंवा कॅप्स लॉक) दाबलं तरी काही होत नाही आणि माणूस म्हणतो शॉर्टकट चुकीचा आहे. एफएन धरून दाबून बघा. अनेक मॉडेलवर एफएन + एस्केप दाबलं की ही रांग कायमची एफ कीज म्हणून चालते, तुमच्या मॉडेलला काय लागतं ते विकत घेतानाच विचारून ठेवा.

फोन बाजूला टाकू नका. तातडीची कामं सध्या फोनवरच करा. ज्या दिवशी फॉर्म भरायची शेवटची तारीख आहे त्याच दिवशी नवीन सिस्टिमवर तो भरायला बसायचं, ही शिकण्याची वेळ नाहीच. शिवाय फोनवर आवाजी नोट ठेवता येते, अडलेल्या जागा तिथे बोलून ठेवा.

मदतीला डोळस माणूस असेल तर एक नियम आधीच ठरवा: त्याने माउसला हात लावायचा नाही. त्याने क्लिक केलं की काम होतं, पण फोकस (म्हणजे तुमची की ज्या गोष्टीवर चालेल ती जागा) कुठेतरी भलतीकडे जातो आणि तुम्हाला काही शिकायला मिळत नाही. त्याला स्पीच व्ह्यूअर उघडून द्या (एनव्हीडीए मेनू, मग टूल्स), म्हणजे एनव्हीडीए जे बोलतो ते त्याला स्क्रीनवर अक्षरांत दिसतं. सेटिंग्जच्या व्हिजन भागात व्हिज्युअल हायलाइट चालू केलंत तर फोकस कुठे आहे तेही त्याला चौकोनात दिसेल. त्याने फक्त तोंडाने सांगायचं, हात तुमचेच चालले पाहिजेत.

## टप्पा १ : आवाज चालू करणं, आणि गेलेला आवाज परत आणणं

नवीन कॉम्प्युटर पहिल्यांदा सुरू केल्यावर विंडोज + कंट्रोल + एंटर दाबलं की विंडोजचा स्वतःचा नॅरेटर बोलायला लागतो, अगदी सुरुवातीच्या सेटअपच्या स्क्रीनवरसुद्धा. नॅरेटर पुढेही उपयोगाचा आहे, एनव्हीडीए अडकला तर तोच तुमचा आधार.

एनव्हीडीए हा एनव्ही ॲक्सेस या संस्थेच्या साइटवरूनच उतरवा, भलत्या साइटवरून नको. फाइल चालवली की आधी थोडं संगीत वाजतं, मग एनव्हीडीए तात्पुरता सुरू होऊन परवान्याच्या स्क्रीनवर येतो. चेकबॉक्सवर स्पेस, मग टॅब करत "इन्स्टॉल" बटणापर्यंत, एंटर. पुढच्या स्क्रीनवर डेस्कटॉप शॉर्टकटचा चेकबॉक्स असतो, तो चालूच ठेवा, कारण कंट्रोल + आल्ट + एन हा शॉर्टकट त्यातूनच मिळतो. मध्येच विंडोज परवानगी विचारेल, तिथे आल्ट + वाय.

इन्स्टॉल झाल्यावर स्वागताचा डायलॉग (काही विचारणारी छोटी विंडो) येतो. सगळे इथे घाईने एंटर मारतात. थांबा, यातल्या तीन गोष्टी नीट करा:

१. कॅप्स लॉक एनव्हीडीए की म्हणून वापरायचा चेकबॉक्स: चालू करा. इन्सर्ट तशीही चालतेच, पण लॅपटॉपवर ती गैरसोयीच्या जागी असते. (खरं कॅप्स लॉक हवं असेल तेव्हा ती की पटकन दोनदा दाबायची.)

२. कीबोर्ड लेआउट: नंबर पॅड असेल तर डेस्कटॉप, नसेल तर लॅपटॉप.

३. साइन इन झाल्यावर एनव्हीडीए आपोआप सुरू व्हावा का: चालू.

⚠ लेआउटवरून होणारा गोंधळ फार नेहमीचा आहे. इंटरनेटवरचे बहुतेक धडे डेस्कटॉप लेआउट धरून असतात. त्यात सांगतात की एनव्हीडीए + डाउन ॲरो दाबलं की इथून शेवटपर्यंत वाचतो. तुम्ही लॅपटॉप लेआउटवर असाल तर तीच की फक्त पुढची एक ओळ वाचून गप्प बसते, आणि सलग वाचनासाठी एनव्हीडीए + ए लागतं. म्हणजे बिघडलेलं काहीच नसतं, लेआउट वेगळा असतो. आपण कुठला निवडलाय ते लिहून किंवा रेकॉर्ड करून ठेवा.

आता आवाज गेला तर काय करायचं. हे आवाज चालू असताना शिकायचं, गेल्यावर नाही. या क्रमाने जा:

- कंट्रोल एकदा दाबला की बोलणं थांबतं, शिफ्टने अर्ध्यात थांबतं आणि परत दाबलं की पुढे सुरू होतं. कदाचित तुम्हीच थांबवलं असेल, म्हणून आधी एखादा ॲरो दाबून बघा.
- व्हॉल्यूमच्या कीज आणि हेडफोनची पिन तपासा.
- एनव्हीडीए + एस चुकून दाबलं गेलं असेल. त्याने बोलण्याचा मोड बदलतो: बोलणं, नुसते बीप, फक्त विचारल्यावर बोलणं, पूर्ण बंद. "बोलणं चालू" असं ऐकू येईपर्यंत तेच परत परत दाबा.
- एकाच प्रोग्रॅममध्ये गप्प आणि बाकी सगळीकडे बोलतोय? मग स्लीप मोड लागलाय. डेस्कटॉप लेआउटवर एनव्हीडीए + शिफ्ट + एस, लॅपटॉपवर एनव्हीडीए + शिफ्ट + झेड.
- कशानेच नाही? कंट्रोल + आल्ट + एन दाबून जरा थांबा, एनव्हीडीए नव्याने सुरू होईल.
- तरी नाही? विंडोज + कंट्रोल + एंटर, नॅरेटर.

दोन आवाज एकावर एक बोलायला लागले तर नॅरेटरही चालू राहिलाय, त्याच कीजने तो बंद करा.

तपासणी: एनव्हीडीए + क्यू दाबून एनव्हीडीए मुद्दाम बंद करा आणि कोणाची मदत न घेता परत बोलता करा. मग एनव्हीडीए + एस ने गप्प करून परत आणा. हे न घाबरता जमलं की पुढे चला. आवाज परत आणता येतो ही खात्री नसेल तर पुढचं सगळं शिकताना मनात धाकधूक राहते, आणि घाबरलेला माणूस कीज आपटत सुटतो.

## टप्पा २ : वेग कमी, कीबोर्ड पक्का

फोनवर तुम्ही कितीही वेगात ऐकत असाल, इथे आवाजाचा वेग सुरुवातीला कमी ठेवा. फोनवर पुढे काय बोलणार ते तुम्हाला सवयीने माहीत असतं, म्हणून वेग झेपतो. इथे "ट्री व्ह्यू", "कॉम्बो बॉक्स", "कोलॅप्स्ड", "सबमेनू" हे शब्दच नवीन आहेत आणि त्या एकेका शब्दात पुढची की कुठली ते दडलेलं असतं. एनव्हीडीए + कंट्रोल + लेफ्ट-राइट ॲरोने आवाजाची सेटिंग निवडायची (वेग, आवाजाची पातळी वगैरे) आणि अप-डाउनने कमी-जास्त करायची. लॅपटॉप लेआउटवर त्यात शिफ्टही धरायचा.

आवाज पसंत नसेल तर एनव्हीडीए + कंट्रोल + एस ने सिंथेसायझर, म्हणजे बोलण्याचा आवाज तयार करणारा भाग, बदलता येतो. ईस्पीक एनजी एनव्हीडीएसोबतच येतो आणि त्यात मराठीही आहे. ऐकायला रुक्ष वाटतो, पण की दाबल्यादाबल्या बोलतो आणि शिकताना ते जास्त मोलाचं आहे.

आता एनव्हीडीए + १. याला इनपुट हेल्प म्हणतात. हे चालू असताना कुठलीही की दाबा, फक्त तिचं नाव आणि काम सांगितलं जातं, प्रत्यक्षात काहीच होत नाही. कीबोर्डचा सराव करायला याहून सुरक्षित जागा नाही. रोज थोडा वेळ यातच काढा, कीजची नावं न चुकता बोटांना सापडेपर्यंत. बाहेर यायला परत एनव्हीडीए + १. बाहेर यायचं विसरलात तर वाटेल की कॉम्प्युटर हँग झाला, कारण सगळं ऐकू येतंय पण होत काहीच नाही!

टायपिंग अजून दोन बोटांनीच चाललंय का? मग इथेच थांबून दहा बोटांची सवय करा. लोकांना हे कंटाळवाणं वाटतं आणि ते पुढे पळतात, पण कॉम्प्युटरचा सगळा फायदा कीबोर्डच्या वेगात आहे, तो नसेल तर फोनच बरा.

## टप्पा ३ : "मी कुठे आहे?"

तीन प्रश्न आणि तीन कीज, एवढाच हा टप्पा. पण लेखातला सगळ्यात मोलाचा हाच आहे.

१. कुठल्या विंडोत आहे? एनव्हीडीए + टी, विंडोचं शीर्षक वाचतो.
२. कशावर आहे? एनव्हीडीए + टॅब, फोकस ज्यावर आहे ते वाचतो: बटण, यादी, टाइप करायची जागा, जे असेल ते.
३. या डायलॉगमध्ये अजून काय आहे? एनव्हीडीए + बी, विंडोतलं सगळं वाचत जातो. एखादा प्रश्नाचा डायलॉग आला आणि नुसतं "येस बटण" ऐकू आलं तर एंटर मारू नका. आधी हे दाबून प्रश्न ऐका, येस कशाला म्हणतोय ते कळू दे.

सराव असा करा. नोटपॅड, कॅल्क्युलेटर आणि फाइल एक्सप्लोरर उघडा (विंडोज की दाबून नाव टाइप करा, एंटर, एक्सप्लोररला विंडोज + ई). मग आल्ट + टॅबने या तिघांत फिरा आणि प्रत्येक वेळी थांबून एनव्हीडीए + टी, मग एनव्हीडीए + टॅब. सुरुवातीला उगाचच वाटेल, कारण उत्तर तुम्हाला माहीतच असतं. पण गोंधळ झाल्यावर हात आपोआप या दोन कीजवर गेला पाहिजे. अनोळखी जागी अडकलेला माणूस काय करतो? एस्केप, एंटर, टॅब, एस्केप, जे सुचेल ते दाबत सुटतो. आणि मग कुठला तरी डायलॉग खरंच होकार देऊन बंद होतो.

तपासणी: कोणालातरी सांगा की माझ्या नकळत दोन-तीन विंडो उघड आणि मला कुठेतरी सोड. त्यानंतर तुम्ही कुठे आहात ते तुम्हाला शांतपणे सांगता आलं पाहिजे. इथे घाई करू नका.

## टप्पा ४ : स्वाइपची सवय सोडणं

फोनवर उजवीकडे स्वाइप करत गेलं की स्क्रीनवरची प्रत्येक गोष्ट एकेक करून मिळते. कॉम्प्युटरवर येणारा प्रत्येक जण टॅबला स्वाइप समजतो, आणि इथेच फसतो. टॅब फक्त ज्यावर काही करता येतं अशाच गोष्टींवर थांबतो: बटण, टाइप करायची जागा, चेकबॉक्स. नुसता मजकूर तो ओलांडून जातो. शिवाय यादी, मेनू, रेडिओ बटणांचा गट या सगळ्या आतून ॲरोने फिरायच्या गोष्टी आहेत, टॅबला तो अख्खा गट एकच थांबा असतो.

तेव्हा रीत अशी: टॅबने गटापर्यंत जायचं, ॲरोने गटाच्या आत फिरायचं. एनव्हीडीए काय म्हणाला त्यावरून पुढची की ठरते:

- "लिस्ट" किंवा "मेनू": अप-डाउन ॲरो, निवडायला एंटर
- "ट्री व्ह्यू", "कोलॅप्स्ड": राइट ॲरोने उघडतं, लेफ्टने मिटतं
- "चेकबॉक्स": स्पेस
- "रेडिओ बटण": ॲरो, आणि ॲरो हलवताच निवडही बदलते हे लक्षात ठेवा
- "कॉम्बो बॉक्स": ॲरोने पर्याय बदलतात, आल्ट + डाउन ॲरोने यादी उघडते
- "बटण": स्पेस किंवा एंटर
- "सबमेनू": राइट ॲरो

याचा सराव एनव्हीडीएच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये करा. एनव्हीडीए + एन, प्रेफरन्सेस, सेटिंग्ज. तिथे यादी, चेकबॉक्स, कॉम्बो बॉक्स सगळं एकाच जागी मिळतं आणि बाहेर पडताना एस्केप दाबलं की केलेले बदल रद्द होतात. चुकून बदल सेव्ह झाले आणि वागणं विचित्र झालं तर एनव्हीडीए + कंट्रोल + आर पटकन तीनदा दाबलं की सगळं मूळ सेटिंगला जातं. एकदाच दाबलं तर शेवटच्या सेव्ह केलेल्या सेटिंगपर्यंतच मागे जातं.

⚠ एनव्हीडीएमध्ये ऑब्जेक्ट नॅव्हिगेशन नावाची सोय आहे, तिच्याने स्क्रीनवरच्या प्रत्येक गोष्टीवर जाता येतं, ज्यावर फोकस जात नाही त्यावरसुद्धा. फोनवरून आलेल्यांना ती फार आवडते, अगदी स्वाइपसारखीच वाटते ना. पण आत्ता शिकू नका. त्यात एनव्हीडीए एकीकडे बघत असतो आणि खरा फोकस दुसरीकडे असतो, मग तुम्ही एंटर दाबता एका गोष्टीसाठी आणि दाबली जाते दुसरीच. टॅब-ॲरोने न मिळणाऱ्या जागांसाठी ती पुढे कामाला येईल.

## टप्पा ५ : नोटपॅडमध्ये लिहिणं आणि खोडणं

इथे एक बारीक गोष्ट आहे, ती कळली नाही तर पुढची कित्येक वर्षं माणूस भलतंच अक्षर खोडत राहतो. कर्सर अक्षरावर नसतो, दोन अक्षरांच्या मध्ये असतो. ॲरो दाबल्यावर एनव्हीडीए जे अक्षर बोलतो ते कर्सरच्या उजवीकडचं असतं. मग आत्ता ऐकलेलं अक्षर खोडायचं असेल तर डिलीट. बॅकस्पेस त्याच्या आधीचं अक्षर खोडतो आणि कुठलं खोडलं ते बोलून दाखवतो. डिलीट उलट करतो, खोडून झाल्यावर आता जे अक्षर समोर आलं ते बोलतो. म्हणजे "घरी" मधल्या "री" वर उभं राहून बॅकस्पेस दाबलंत तर जाईल "घ", आणि ऐकूही "घ" च येईल. पाच मिनिटं एकाच शब्दावर हे करून बघा, कान आणि हात जुळले पाहिजेत.

मराठीत अजून एक: बॅकस्पेस बहुतेक ठिकाणी आधी नुसती मात्रा किंवा वेलांटी काढतो, अख्खं अक्षर जात नाही. त्यामुळे खोडलं की परत ॲरोने मागे-पुढे जाऊन शब्द ऐकायचाच.

कीबोर्डची भाषा विंडोज + स्पेसने बदलते. पासवर्ड "चुकीचा आहे" असं वारंवार आलं तर आधी भाषा कुठली आहे ते बघा, कारण पासवर्डच्या जागी एनव्हीडीए अक्षरं बोलत नाही, नुसतं "स्टार" म्हणतो, आणि तुम्ही मराठी कीबोर्डवर टाइप करताय हे कळतच नाही.

पुढचा क्रम: ॲरोने अक्षर, कंट्रोल + लेफ्ट-राइट ने शब्द, होम-एंड ने ओळीची टोकं, कंट्रोल + होम-एंड ने फाइलची टोकं. हे पक्कं झालं की यातल्या कशालाही शिफ्ट जोडा, मजकूर निवडला जातो. किती निवडलंय ते ऐकायला डेस्कटॉप लेआउटवर एनव्हीडीए + शिफ्ट + अप ॲरो, लॅपटॉपवर एनव्हीडीए + शिफ्ट + एस. कापण्याआधी किंवा टाइप करण्याआधी हे ऐकाच, नाहीतर निवडलेला परिच्छेद एका अक्षराने पुसला जातो. गेलाच तर लगेच कंट्रोल + झेड, बाकी काही दाबण्याआधी.

तपासणी: दहा ओळी लिहा, तिसरी ओळ उचलून शेवटी नेऊन ठेवा, पाचव्या ओळीतला एक शब्द बदला, आणि सगळं परत ऐका.

## टप्पा ६ : फाइल कुठे गेली?

फोनवर फाइल ॲपच्या आतच राहते, तुम्हाला शोधावी लागत नाही. इथे ती कुठे ठेवायची ते तुम्हालाच ठरवायचंय, म्हणून फाइल्सचा टप्पा ब्राउझरच्या आधी घ्या. डाउनलोड केलेलं सापडत नाही ही तक्रार ब्राउझरची नसते, या टप्प्याची असते.

सेव्हचा डायलॉग उघडला की फोकस बहुतेक वेळा नावाच्या जागेवर असतो. सगळे नाव टाइप करून एंटर मारतात आणि फाइल कुठल्या फोल्डरमध्ये पडली ते बघतच नाहीत. त्याऐवजी एंटरआधी आल्ट + डी दाबा, ॲड्रेस बार येतो, तिथे फोल्डरचा पत्ता ऐका, मग टॅब किंवा आल्ट + एन ने नावावर परत या. आणि एक, विंडोज ११ चं नवं नोटपॅड बंद करताना "सेव्ह करू का" असं विचारेलच असं नाही, लिहिलेलं तसंच धरून ठेवतं आणि उघडलं की परत दाखवतं. त्याला सेव्ह झालेली फाइल समजू नका, कंट्रोल + एस स्वतः दाबा.

एक्सप्लोररमध्ये: एंटरने आत, आल्ट + अप ॲरोने वरच्या फोल्डरमध्ये, नावाची पहिली अक्षरं पटपट टाइप केली की त्या फाइलवर उडी, एफ२ ने नाव बदलायचं, कंट्रोल + शिफ्ट + एन ने नवीन फोल्डर. फोल्डर उघडल्यावर कधी फोकस यादीवर असतो पण निवडलेलं काहीच नसतं, मग कॉपी केलं तरी काही कॉपी होत नाही. होम दाबून पहिल्या फाइलवर या, आणि फोल्डरमध्ये एकच फाइल असेल तर कंट्रोल + स्पेसने ती निवडा.

तपासणी: एक फोल्डर बनवा, नोटपॅडची फाइल त्यात सेव्ह करा, तिचं नाव बदला, पेन ड्राइव्हवर कॉपी करा आणि तिथे जाऊन उघडून बघा.

## टप्पा ७ : आता ब्राउझर

वेब पेजवर एनव्हीडीएचे दोन मोड असतात आणि बहुतेक रडारड या दोनांत गल्लत झाल्याने होते. ब्राउझ मोडमध्ये कीबोर्ड वाचायला असतो: ॲरोने ओळी, एच ने पुढचं हेडिंग, के ने लिंक, बी ने बटण, ई ने टाइप करायची जागा, टी ने टेबल. शिफ्ट जोडला की मागचं. फोकस मोडमध्ये कीबोर्ड लिहायला असतो, एच दाबलं तर एच टाइप होतं. दोन्हींत जाताना वेगवेगळा छोटा आवाज येतो, तो कानात बसवून घ्या. हाताने बदलायला एनव्हीडीए + स्पेस, फोकस मोडमधून बाहेर यायला बऱ्याचदा एस्केपही चालतं.

म्हणजे नाव लिहायला गेलात आणि अक्षरं टाइप व्हायच्या ऐवजी पेजभर उड्या पडायला लागल्या, तर तुम्ही ब्राउझ मोडमध्ये आहात. वाचायला गेलात आणि एच ने काहीच होत नाही, तर फोकस मोडमध्ये. आणि मोड बरोबर असूनही एकेरी अक्षरं चालत नसतील तर एनव्हीडीए + शिफ्ट + स्पेस चुकून दाबलं गेलंय, परत दाबा.

नवीन पेजवर गेल्यावर हा क्रम ठेवा:

१. एनव्हीडीए सलग वाचायला लागला की कंट्रोलने थांबवा.
२. एनव्हीडीए + टी, योग्य पेज उघडलंय ना.
३. एच दाबत हेडिंग ऐका, पेजचा आराखडा कळतो. १ दाबलं तर पहिल्या पातळीचं हेडिंग, बहुतेक पेजवर मुख्य मजकूर तिथूनच सुरू होतो.
४. हवी ती लिंक किंवा बटण नावाने माहीत असेल तर एनव्हीडीए + एफ७, यादी येते, टाइप करून गाळता येते.
५. शब्दच शोधायचा असेल तर एनव्हीडीए + कंट्रोल + एफ, पुढचा सापडायला एनव्हीडीए + एफ३.

पेजभर टॅब मारत फिरू नका, मजकूर सगळा सुटतो आणि हात दुखतात ते वेगळंच.

फॉर्म भरण्याआधी एकदा डाउन ॲरोने वरपासून खालपर्यंत वाचून घ्या, मगच भरायला बसा. "मोबाइल नंबर १० आकडी, कोड न टाकता" अशा सूचना खोक्याच्या वर किंवा खाली नुसत्या मजकुरात असतात आणि टॅबने गेलात तर त्या कधीच ऐकू येत नाहीत. सबमिट केल्यावर काहीच बोललं नाही तर परत सबमिट दाबू नका, पैशांच्या फॉर्मवर तर अजिबात नाही. आधी एनव्हीडीए + टी ने पेज बदललं का बघा. तेच असेल तर कंट्रोल + होम करून वरून वाचा, काय चुकलं ते सांगणारा संदेश बहुतेक वेळा वर किंवा त्या खोक्याच्या अगदी शेजारी असतो.

टेबल आलं की आत शिरून कंट्रोल + आल्ट + ॲरोने खण ओलांडा, रांगेचं आणि कॉलमचं शीर्षकही सोबत वाचलं जातं.

## टप्पा ८ : हे सगळं झाल्यावरच

ॲड-ऑन (एनव्हीडीएला जोडायचे छोटे जादा प्रोग्रॅम), वेगवेगळे आवाज, स्वतःचे शॉर्टकट, हे आता. सुरुवातीलाच चार-पाच ॲड-ऑन टाकले की काही बिघडल्यावर ते विंडोजमुळे, साइटमुळे की ॲड-ऑनमुळे ते कळत नाही. आता टाकतानाही एका वेळी एकच, आणि दोन-तीन दिवस वापरून मग दुसरं.

लांबच्या अनुभवी मित्राकडून शिकायचं असेल तर एनव्हीडीए २०२५.१ पासून रिमोट ॲक्सेस आतच आहे, टूल्समध्ये. समोरच्याला तुमच्या एनव्हीडीएचं बोलणं ऐकू जातं आणि तो त्याच्या कीबोर्डवरून तुमचा कॉम्प्युटर चालवू शकतो. म्हणूनच जोडणीची की (कीबोर्डवरची नव्हे, जोडण्यासाठीचा पासवर्डसारखा कोड) फक्त ओळखीच्या, विश्वासाच्या माणसालाच द्या, आणि काम संपलं की तिथूनच डिस्कनेक्ट करा. बँकेचं काम सांगणाऱ्या कुठल्याही अनोळखी "मदतनीसाला" ती द्यायची नाही.

शिकवणाऱ्यालाही एक सांगून ठेवा: मी अडलो तर लगेच की दाबून सोडवू नकोस, आधी मला विचार, "आत्ता कुठे आहेस?"